घाटघरचा रांजण आणि परदेशी निघालेला रेडिओ

जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या अगदी काठावर घाटघर हे छोटेसे गाव आहे. गावाच्या शिवारातून पुढे गेले की जमीन एकाएकी संपते आणि कोकणाकडे उतरणारी अरुंद खिंड समोर येते. हाच सुप्रसिद्ध नाणेघाट. खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकली जात असे, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ शिलालेख आहे. तो इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. लेखात जकातीचा हिशेब नाही. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने त्यात आहेत. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांच्या संख्या मात्र अंकांत कोरलेल्या आहेत, आणि भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. व्यापारी घराण्यातील वाचकाला त्यामुळे हे लेणे थोडेसे आपले वाटावे. कारण वहीत आकडा मांडण्याच्या परंपरेचा एवढा जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी उभा आहे.

या वाटेने माल कोठून कोठे जात होता हेही ठाऊक आहे. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर या बाजारपेठा. जुन्नर परिसरातील लेण्यांत यवनांनी, म्हणजे पाश्चात्त्य देशांतून आलेल्या लोकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदविली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे व टाके दिल्याची नोंद आहे. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेखही याच परिसरातील लेखांत सापडतात. ठेव, श्रेणी, दान आणि परदेशी ग्राहक ही चारही पदे जुन्नरला दोन हजार वर्षांपासून परिचित आहेत.

अशा तालुक्यातून आज एखाद्या तरुणाने आपल्या हाताने बनविलेला रेडिओ संच जर्मनीतील किंवा अमेरिकेतील ग्राहकाला पाठवावयाचे ठरविले, तर त्याच्या वाटेत किती रांजण लागतील, त्यांत किती टाकावे लागेल आणि न टाकता पुढे गेल्यास काय होईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय थोडा अपरिचित वाटेल. परंतु इमिटेशन दागिने, मसाले, हातमागाचे कापड किंवा यंत्राचे सुटे भाग परदेशी पाठवू इच्छिणाऱ्या प्रत्येक घराला यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. रेडिओचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच, की वस्तू लहान असूनही तिच्यावर जवळजवळ सर्व प्रकारचे नियम एकाच वेळी लागतात.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. केवळ छंद म्हणून, कोणताही आर्थिक लाभ न घेता, ठरवून दिलेल्या लहरींवर परस्परांशी बिनतारी संभाषण करणाऱ्या परवानाधारकांना सर्वत्र 'हॅम' म्हणतात. भारतात त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि परवाना मिळाल्यावर 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे स्वतंत्र संकेतनाम मिळते. या छंदाचे नियम १९७८ मध्ये केले गेले. हा छंद निरुपयोगी नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. अंदमान-निकोबारची नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली असताना त्या पथकाने बेटांवरील लोकांची वार्ता मुख्य भूमीपर्यंत पोहोचविली.

जगात अशा हौशी मंडळींची संख्या अंदाजे ३० लाख मानली जाते. एकट्या अमेरिकेत ७ लाखांहून अधिक परवानाधारक आहेत. यांतील अनेकांना तयार महागडा संच घेण्यापेक्षा स्वतः जोडता येईल, उघडून पाहता येईल, बदलता येईल असा संच अधिक आवडतो. भारतीय कारागिराला संधी आहे ती येथे.

ही संधी काल्पनिक नाही, याचे उदाहरण हैदराबादचे आहे. अश्हर फरहान या भारतीय हौशी रेडिओकाराने साधारण २००३ च्या सुमारास 'बिटएक्स' नावाच्या संचाचा आराखडा तयार केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. परदेशी संच भारतीय हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून गावच्या बाजारात मिळतील अशाच सुट्या भागांवर हा आराखडा बेतला होता. तारेची वेटोळी गुंडाळण्यासाठी परदेशी गाभे मिळेनात, तर नळाचे वॉशर वापरण्याची युक्ती त्यात होती. पुढे 'एचएफ सिग्नल्स' या नावाने या संचाची तयार पाटी विक्रीस आली. वेटोळी गुंडाळणे, जोडणी आणि चाचणी ही कामे हैदराबादमधील महिलांच्या एका गटाने हाताने केली. २०१६ च्या अखेरीस आलेला 'बिटएक्स-४०' हा सुमारे ७ वॅट शक्तीचा संच १०० डॉलरपेक्षा कमी किमतीत टपालाने जगभर गेला. मोठा कारखाना नाही, परदेशात गोदाम नाही, आणि तरीही अनेक देशांतील टेबलांवर भारतात गुंडाळलेली वेटोळी काम करू लागली.

खुद्द जुन्नर तालुक्यातही हीच वृत्ती एका फार मोठ्या कामात दिसते. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे 'जीएमआरटी', प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक जाळी वापरल्यामुळे तबकडीचे वजन आणि खर्च दोन्ही खूप कमी झाले. ही जागा निवडण्याचे एक कारण असे, की येथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. म्हणूनच दुर्बिणीच्या परिसरात गोंगाट निर्माण करणाऱ्या उद्योगांवर बंधने आहेत. या तालुक्यात रेडिओ संच बनविण्याचा किंवा दुरुस्तीचा उद्योग सुरू करू पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. आपला व्यवसाय शेजाऱ्याच्या कामात व्यत्यय आणणारा नसावा, ही सचोटीची पहिली पायरी होय. मग तो शेजारी आकाशगंगेकडे कान लावून बसलेला का असेना.

आता वाटेतील रांजणांकडे वळू.

पहिला रांजण घरातच आहे. बिनतारी प्रेषक संच ही भारतात परवान्याशिवाय बाळगता किंवा विकता येण्याजोगी वस्तू नव्हे. १९३३ चा बिनतारी संदेशवहन कायदा या नियंत्रणाचा दीर्घकाळ पाया होता; आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने त्याची जागा घेत आहे. वॉकीटॉकी संच ऑनलाइन बाजारपेठांवर बेधडक विकले जाऊ लागल्यामुळे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा 'माल तर परदेशी जाणार आहे, येथला परवाना कशाला,' हा युक्तिवाद टिकणारा नाही. माल परदेशी जाण्यापूर्वी तो आपल्या घरात असतो, आणि घरात असण्यालाच परवानगी लागते. याउलट केवळ अँटेना, मोजमापाची उपकरणे, मोर्सची कळ, ध्वनिग्राहक किंवा वीजपुरवठ्याचा संच अशा वस्तूंना प्रेषकाचा हा निर्बंध लागत नाही. नवख्याने सुरुवात या वस्तूंपासून करावी, हे व्यवहाराला धरून होईल.

दुसरा रांजण नोंदणीचा. परदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि आता तो पॅन क्रमांकाशी एकरूप झाला आहे. एकदा घेतला की काम संपले, असे मात्र नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती तपासून कायम करावी लागते, अन्यथा संकेतांक निष्क्रिय होतो. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने निर्यात शून्य दराची आहे. परंतु कर न भरता माल पाठवावयाचा असेल तर प्रत्येक आर्थिक वर्षासाठी हमीपत्र दाखल करावे लागते. अनेक लहान व्यापारी पहिल्या वर्षी हे हमीपत्र देतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात. एप्रिल महिन्यात नव्या वह्या घालताना या दोन कामांची नोंद पहिल्या पानावर करावी.

तिसरा रांजण वर्गीकरणाचा. जगातील बहुतेक सर्व देश मालाला एकच सहा अंकी क्रमांक लावतात. पुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतंत्र. उदाहरणार्थ, रेडिओच्या अँटेना ८५२९ या शीर्षकाखाली येतात. क्रमांक चुकला तर समोरच्या देशात जकात चुकते आणि पार्सल अडकते. याच टप्प्यावर आणखी एक यादी पाहावी लागते. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामी येऊ शकणाऱ्या वस्तूंची 'स्कोमेट' नावाची यादी आपल्या सरकारने केलेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत सामील झाला. दूरसंचार उपकरणांवरील तिच्या नियंत्रणांचे प्रतिबिंब या यादीच्या आठव्या वर्गात पडले आहे. साधा हौशी संच बहुधा या यादीबाहेरच राहील. परंतु सांकेतिक भाषेत संदेश झाकणारा किंवा विशेष क्षमतेचा संच असेल तर पाठविण्यापूर्वी लेखी खात्री करून घ्यावी. ग्राहक कोण आहे हेही पाहावे. खऱ्या हौशी माणसाला संकेतनाम असते आणि ते तो अभिमानाने सांगतो. संकेतनाम नाही, पत्ता एका देशातील, पैसा दुसऱ्या देशातून, आणि मागणी एकदम पन्नास संचांची, असे असेल तर नफा कितीही दिसला तरी व्यवहार सोडून द्यावा. आपल्या हातची वस्तू कोणाच्या हिंसेचे साधन होऊ नये, ही दक्षता विक्रेत्याकडूनच सुरू होते.

चौथा रांजण वाहतुकीचा. लहान निर्यातदारापुढे टपाल आणि कुरिअर असे दोन मार्ग आहेत. टपाल खात्याने २०२२ पासून 'डाकघर निर्यात केंद्रे' उघडली असून तेथे टपाल निर्यातपत्र ऑनलाइन भरता येते. त्यामुळे तालुक्याच्या गावातूनही कागदपत्रांची पूर्तता करणे सोपे झाले आहे. कुरिअरने पाठविताना व्यापारी मालाची निर्यात आणि नमुना किंवा भेट यांची पत्रे निराळी असतात. विक्रीचा माल विक्रीच्याच पत्रावर गेला पाहिजे.

भाडे ठरविताना पुष्कळांची फसगत होते ती आकारमानाच्या वजनाने. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि बहुतेक कुरिअर कंपन्या त्याला ५,००० ने भागतात. समजा, खोके ४० × ३० × २५ सेंटिमीटरचे आहे. गुणाकार ३०,०००, म्हणजे आकारमानाचे वजन ६ किलो. आतील संच अडीच किलोचा असला तरी भाडे ६ किलोचे लागते. तेच खोके ३० × २५ × १६ चे केले तर गुणाकार १२,००० आणि वजन २.४ किलो. म्हणजे आता प्रत्यक्ष अडीच किलोचेच भाडे पडेल. वस्तू सुरक्षित राहील इतकेच, आणि त्याहून एक बोटही मोठे नसलेले खोके वापरणे, ही निर्यातीतील पहिली बचत होय. अँटेनाच्या लांब नळ्या असतील तर त्या मुळातच मीटरभर लांबीच्या तुकड्यांत, एकमेकींत बसतील अशा करून घ्याव्यात. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात बांधलेल्या पार्सलात ओलावा शोषणारी पुडी ठेवण्यास विसरू नये.

हातात धरावयाच्या संचात लिथियमची बॅटरी असते, आणि विमानवाहतुकीत हा सर्वांत कडक विषय आहे. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मालवाहू विमानातूनही ती ३० टक्क्यांहून अधिक भारित असू नये, असा नियम आहे. उपकरणात बसविलेल्या बॅटरीचे नियम निराळे. हे सर्व लपवून, 'इलेक्ट्रॉनिक खेळणे' असे लिहून पार्सल देणारे लोक असतात. आकाशात पेटलेल्या बॅटरीला कागदावर काय लिहिले होते याची पर्वा नसते. टेबलावर ठेवावयाचे बहुतेक हौशी संच १३.८ व्होल्टच्या बाहेरच्या पुरवठ्यावर चालतात. ते बॅटरीविना पाठवावेत आणि ग्राहकाला आपल्या देशात पुरवठ्याची सोय करण्यास सांगावे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, युरोपात २३० व्होल्टची. त्यामुळेही हेच श्रेयस्कर.

पाचवा रांजण समोरच्या देशाच्या दारात आहे, आणि तो आपल्या हाती नाही. गेल्या काही वर्षांत लहान पार्सलांना मिळणारी करमाफी एकामागून एक देशांनी काढून घेतली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही कर लावला. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ रोजी संपविली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद केली. या बदलामुळे भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले थांबवावी लागली आणि ती सेवा १५ ऑक्टोबरला, जकात आगाऊ भरण्याच्या नव्या पद्धतीने, पुन्हा सुरू झाली. ज्यांची सारी विक्री एका देशावर आणि एका मार्गावर अवलंबून होती त्यांची दिवाळीपूर्वीची सात आठवड्यांची उलाढाल त्यामुळे धोक्यात आली.

असे प्रसंग व्यापाराला नवे नाहीत. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराविषयी नोंद आहे, की तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा संभव असे. राजकारण बदलले, बंदर अडले, आणि नाणेघाटाच्या माथ्यावरच्या व्यापाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती. त्याच काळात भारतीय मालावर रोमन साम्राज्याच्या सीमेवर चतुर्थांश, म्हणजे २५ टक्के जकात घेतली जात होती. तरीही व्यापार चालू राहिला, कारण व्यापाऱ्यांनी ती जकात किमतीत धरलेली होती. आजच्या व्यापाऱ्यानेही तेच करावे. जकात ग्राहकाने भरावयाची की विक्रेत्याने, हे मागणी स्वीकारतानाच लेखी ठरवावे. आंतरराष्ट्रीय व्यापारात यासाठी प्रमाणित संज्ञा आहेत. 'डीएपी' म्हटले तर जकात ग्राहकाची, 'डीडीपी' म्हटले तर विक्रेत्याची. तीन अक्षरांच्या या फरकावर लहान व्यवहारातील सारा नफा अवलंबून असू शकतो.

तांत्रिक बाबतीतही समोरच्या देशाचा नियम पाहावा लागतो. चाळीस मीटर म्हणून ओळखला जाणारा हौशी पट्टा भारतात आणि युरोपात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे, तर अमेरिकेत तो ७.३ पर्यंत जातो. युरोपात तयार रेडिओ उपकरणांना प्रमाणन लागते, परंतु हौशी माणसाने स्वतः जोडावयाच्या सुट्या संचांना त्या नियमातून वगळलेले आहे. तयार संच आणि जोडणीचा संच यांत असा मोठा फरक पडतो. त्यामुळे काय विकावयाचे हा निर्णय कायदा वाचल्यानंतरच घ्यावा.

सहावा रांजण बँकेचा. पूर्वी पेढीवर हुंडी चाले ती माणसाच्या पतीवर. आज परदेशी व्यवहारातील पत कागदांच्या जुळणीवर उभी असते. निर्यात झाली की तिची नोंद सीमाशुल्क विभागाकडून रिझर्व्ह बँकेच्या संगणकीय देखरेख प्रणालीत पोहोचते. ठरलेल्या मुदतीत तेवढीच रक्कम परकीय चलनात आली आणि बँकेने तिची सांगड त्या निर्यातपत्राशी घातली, की नोंद पूर्ण होते. न आलेली किंवा न जुळलेली रक्कम उघडी राहते, आणि अशा उघड्या नोंदी वाढत गेल्या तर पुढील निर्यातीवर निर्बंध येतात. लहान विक्रेत्यांसाठी परदेशी रक्कम गोळा करणाऱ्या संस्थांना ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतंत्र चौकट घालून दिली आहे. अशा अधिकृत संस्थेमार्फत किंवा थेट बँकेत रक्कम घ्यावी. परदेशातील नातेवाइकाच्या खात्यात पैसे घेऊन ते 'घरखर्चासाठी' म्हणून येथे मागविणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे. त्या मार्गाने निर्यात कधीच पुरी होत नाही आणि उत्पन्नाचा हिशेबही देता येत नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हे सारे विवेचन केले तो प्रश्न. लहान निर्यातदाराकडे कधी ना कधी एक सभ्य शब्दांतील विनंती येते: पार्सलवर 'भेटवस्तू' असे लिहा आणि किंमत दहावा हिस्सा दाखवा. ग्राहक चांगला असतो, रक्कम आगाऊ दिलेली असते, आणि नकार दिला तर तो दुसऱ्याकडे जाईल अशी भीती असते. शिवाय 'सगळेच असे करतात' हे वाक्य नेहमीच हाताशी असते.

समजा, संच २०,००० रुपयांचा आहे आणि कागदावर २,००० रुपये लिहिले. पार्सल हरवले तर भरपाई २,००० रुपयांच्या मर्यादेतच मिळेल. बँकेत २०,००० आले आणि निर्यातपत्रावर २,००० आहेत, तर उरलेले १८,००० कशाचे याचे उत्तर देता येणार नाही. करविवरणात निर्यात २०,००० ची दाखविली तर सीमाशुल्काची नोंद ती खोटी ठरविते. २,००० ची दाखविली तर आपलेच बँक खाते ती खोटी ठरविते. संच बिघडून दुरुस्तीस परत आला, तर भेटीची वस्तू म्हणून गेलेला माल विक्रीचा होता हे सांगण्याची सोय राहत नाही. आणि खोटी विधाने उघडकीस आली तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात माल जप्त करण्याची तरतूद आहे. हेतुपुरस्सर खोटा दस्तऐवज दिल्यास मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वाचलेली जकात ग्राहकाची. जोखीम मात्र संपूर्ण विक्रेत्याची. केवळ नफातोट्याच्या वहीत मांडले तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

परंतु या मासिकाच्या वाचकांना तेवढ्यावर थांबण्याची गरज नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' आणि 'प्रतिरूपकव्यवहार' या दोन संज्ञा येतात. राज्याच्या नियमांना ओलांडून केलेला व्यापार आणि एक दाखवून दुसरे देणे, असे त्यांचे साध्या शब्दांतील अर्थ. चोरीच्या व्रताखाली व्यापाराचे हे दोष मोजले गेले, कारण व्रतकारांच्या डोळ्यांसमोर जकातनाक्यावरून जाणारा श्रावक होता. रांजणात टाकावयाचे नाणे मुठीत लपवून पुढे गेलेल्या माणसाने कोणाच्या घराला भोक पाडलेले नसते. तरीही शास्त्राने त्याला निर्दोष म्हटले नाही. आजचे पार्सलवरील खोटे लेबल त्याच मुठीतील नाणे आहे.

येथे एक व्यावहारिक शंका रास्त आहे. नकार दिल्याने ग्राहक खरोखरच गेला तर? काही जातील, हे मान्य केले पाहिजे. सुरुवातीच्या काळात, जेव्हा महिन्याला चारच मागण्या येतात, तेव्हा एक ग्राहक जाणे लहान घराला जाणवते. म्हणूनच नकार कसा द्यावा हे आधी ठरवून ठेवावे. विक्रीच्या अटींतच स्वच्छ लिहावे, की कागदावर खरीच किंमत आणि खरेच वर्णन दिले जाईल. तुमच्या देशातील अंदाजे जकात एवढी पडेल. आणि संच परत आल्यास दुरुस्ती अमुक पद्धतीने होईल. अटी आधी वाचलेला ग्राहक सहसा अशी विनंती करीत नाही. हौशी रेडिओचे जग लहान असून तेथे माणसे रोज रात्री एकमेकांशी बोलतात. खरे वजन, खरे वर्णन आणि वेळेवर उत्तर देणाऱ्या विक्रेत्याची कीर्ती जाहिरातीविना एका खंडातून दुसऱ्या खंडात जाते. अडकलेल्या पार्सलाची गोष्टही तितक्याच वेगाने जाते.

घरातील मुलगा किंवा मुलगी असा उद्योग सुरू करू म्हणाली, तर वडीलधाऱ्यांनी 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून परतवू नये. दुकानाच्या गादीवरून शिकलेल्या पुष्कळ गोष्टी येथे उपयोगी पडतात: उधारी कोणाला द्यावी, माल कसा बांधावा, वही रोजच्या रोज कशी लिहावी. पहिल्या वर्षी परवान्याची गरज नसलेल्या दोन-तीन वस्तूच निवडाव्यात. एका देशाऐवजी दोन देशांत ग्राहक शोधावेत. प्रत्येक पार्सलासाठी बीजक, निर्यातपत्राची प्रत, वजनाची पावती, संचाचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र आणि रक्कम आल्याचा बँकेचा दाखला हे पाच कागद एका पाकिटात ठेवावेत. परत आलेला संच आपलाच आहे हे सिद्ध करावयाचे असो वा करअधिकाऱ्याला उत्तर द्यावयाचे असो, ते पाकीटच कामी येते. दर, मर्यादा आणि सवलती वारंवार बदलतात. म्हणून प्रत्येक नव्या देशाकडे पहिले पार्सल जाण्यापूर्वी चालू नियम बँकेत, टपाल कार्यालयात आणि सनदी लेखापालांकडे विचारून घ्यावेत. विचारण्यास पैसे पडत नाहीत, आणि पडले तरी ते दंडापेक्षा कमी असतात.